आधी शेमीज, मग झगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिक्टोरियन काळातला इंग्रजी पोशाख घरी कसा शिवावा यावर लेख आला. झग्याची माहिती चांगली आहे. आतल्या कपड्यांना मात्र लेखाने दोनच ओळी दिल्या आणि त्याही दिशाभूल करणाऱ्या. आतले कोणी बघत नाही, तेव्हा साधा परकर आणि इलॅस्टिकची पँट चालेल, कॉर्सेट, म्हणजे धड आवळणारी ताठ, नाडीची चोळी, विकतचा घ्यावा, असा सल्ला त्यात आहे. तो ऐकून कापलेला झगा अंगावर बसणार नाही. त्या काळच्या झग्याची छाती, कंबर, लांबी, घेर ही सगळी मापे आतल्या कपड्यांवरून घेतलेली असतात. ते अंगावर नसताना घेतलेले माप म्हणजे दुसऱ्याच बाईचे माप. पत्र लांबले आहे, पण शिवणकामाची माहिती आखडती दिली की कापड वाया जाते.

पहिली गोष्ट, साल ठरवा. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१. या जवळपास ६४ वर्षांत बाहेरून दिसणारा आकार दर आठ-दहा वर्षांनी पालटला. १८४० च्या दशकात घेर येई तो एकावर एक चढवलेल्या पेटीकोटांमुळे. त्यातला एखादा दोऱ्या भरून ताठ केलेला असे. १८५६ पासून पोलादी कड्यांचा पिंजरा, म्हणजे क्रिनोलिन आले आणि पेटीकोटांचे ओझे कमी झाले. १८६० चे दशक संपताना घेर मागे सरकला, १८७० च्या सुरुवातीला बसल, म्हणजे झगा मागून फुगवणारा सांगाडा, आला, १८७६ च्या सुमारास तो ओसरून झगा मांडीपर्यंत अंगासरशी झाला, १८८३ ते १८८९ मध्ये बसल पुन्हा आला, तोही फळीसारखा आडवा. या प्रत्येक आकाराचा कॉर्सेट वेगळा, पेटीकोट वेगळा. नुसते ‘व्हिक्टोरियन’ लिहिलेला पॅटर्न म्हणूनच कामाचा नाही. पहिल्यांदा शिवणाऱ्याने १८६० ते १८६५ निवडावे. कॉर्सेट आखूड असतो, पिंजऱ्यामुळे नितंबाचे माप झाकले जाते, आणि बरेचसे कपडे सरळ तुकड्यांतून निघतात. पुढची मापे याच काळाची आहेत.

शिवण्याचा क्रम अंगावर चढवण्याच्या क्रमानेच ठेवावा: शेमीज (सगळ्यांत आतला सैल अंगरखा), ड्रॉवर्स (आतली सैल विजार), कॉर्सेट, पिंजरा, पेटीकोट, कॉर्सेट कव्हर. लेखकाने विकतच्या कॉर्सेटपासून सुरुवात करायला सांगितले आहे, तिथेच गाडी अडते. कॉर्सेट शेमीजवर घालतात. शेमीज नसताना त्याचे फिटिंग बघता येत नाही. शिवाय शेमीज आणि ड्रॉवर्स शिवताना बारीक टिपेचा आणि दुहेरी शिवणीचा जो सराव होतो, तो कॉर्सेटला उपयोगी पडतो. घालताना मात्र एक लक्षात ठेवावे, बूट कॉर्सेटच्या आधी. कॉर्सेट आवळल्यावर वाकून बुटाची नाडी बांधणे जमत नाही.

कापड पांढरे सुती किंवा लिनन. लाँगक्लॉथ, केंब्रिक, नैनसूख यांपैकी काहीही चालते. आतले कपडे सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतले जात, म्हणून रंग पांढरा, लेस सुती, बटणे कापडी किंवा शिंपल्याची, आणि कुठेही उघडी कड नाही. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाला नखाने घडी पडत नाही, त्यामुळे टक, म्हणजे शिवून पक्क्या केलेल्या बारीक घड्या, घालताना जीव मेटाकुटीला येतो. वर ते घाम धरून ठेवते. कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री करावे. मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटते, आणि ते आटणे पहिल्या धुण्यात कमरपट्टीवर दिसते.

मशीनच्या शिलाईचा काही जण बाऊ करतात. इलायस हाव यांचे पेटंट १८४६ चे, सिंगर यांचे १८५१ चे. १८६० च्या दशकातल्या कपड्याला लांब शिवणी मशीनवर मारल्या तर त्यात काही चूक नाही. लॉकस्टिच असावी, टाका दोन मिलिमीटरचा, धागा सुती. झिगझॅग आणि ओव्हरलॉक मात्र टाळावेत. १८४० चा पोशाख असेल तर सगळे हातानेच; लांब शिवणीला धावदोरा, दर चार-पाच टाक्यांनी एक बखियेचा टाका, आणि जोर पडतो तिथे सलग बखिया.

शेमीज म्हणजे गुडघ्याखाली येणारा सैल अंगरखा. ४४ इंची कापड अडीच मीटर पुरते. लांबी ४२ ते ४५ इंच, खालचा घेर ८० ते ९० इंच. तो बाजूला तिरक्या कळ्या लावून साधावा, वरपासून रुंद ठेवून नव्हे. कमरेवर चुण्या पडल्या की कॉर्सेटखाली त्यांच्या वळ्या होतात आणि तासाभरात कातडीवर उमटतात. चुण्या फक्त गळ्याला हव्यात, त्याही पुढे मधल्या दहा इंचांत आणि मागे मधल्या आठ इंचांत. खांद्यावर कापड सपाट. बाही चार-पाच इंचांची, काखेत चार इंची चौकोनी कळी.

फाटते ते या कळीच्या टोकाशी. शिवताना कडेपासून पाव इंच अलीकडे थांबावे, सुई कापडात रुतलेली ठेवून कापड फिरवावे आणि पुढची बाजू शिवावी. पाव इंचाच्या खुणा पेन्सिलने चारही कोपऱ्यांवर आधीच करून ठेवाव्यात. टोकाच्या पलीकडे एक टाका गेला तरी तिथे चिमटा पडतो, अलीकडे एक टाका राहिला तर भोक राहते. मग उलट बाजूने टोकावर अंगठ्याच्या नखाएवढा कापडाचा तुकडा ठेवून बारीक तुरपाई करावी. शिवणी सगळ्या फ्लॅट फेल पद्धतीच्या: एका बाजूचे मार्जिन अर्ध्यावर कापायचे, दुसरे त्यावर दुमडून दाबायचे. शेमीज कातडीला लागते, उघडी कड कॉर्सेटच्या दाबाखाली टोचते.

गळ्याची पट्टी साधारण अर्धा ते पाऊण इंच रुंद. तिचे माप खांद्याच्या टोकांवरून, छातीच्या उंचवट्याच्या वरून, मागून फिरवून घ्यावे. बहुतेकींना ते ३४ ते ३८ इंच भरते. पट्टी दोन इंच जरी जास्त झाली तरी शेमीज खांद्यावरून घसरत राहते, आणि झगा चढवल्यावर ती वर ओढता येत नाही. चुण्यांसाठी दोन समांतर धावदोरे घालावेत, एकाखाली एक टाका अगदी नेमका. दोरे ओढल्यावर सुईच्या टोकाने एकेक चुणी खाली दाबत जावे. असे केले की चुण्या उभ्या एका रांगेत बसतात आणि पट्टीला प्रत्येक चुणीत एक टाका घेता येतो. मशीनच्या लांब टाक्याने ओढलेल्या चुण्या गोळा होतात, पट्टीखाली फुगतात.

ड्रॉवर्सबद्दल लेखातली चूक मोठी आहे. ड्रॉवर्सचे दोन पाय एकमेकांना जोडलेले नसतात. प्रत्येक पाय स्वतंत्र शिवून फक्त कमरपट्टीत एकत्र येतो. पुढून मागेपर्यंत मधली शिवण उघडी. राणी व्हिक्टोरियाच्या उरलेल्या ड्रॉवर्ससुद्धा अशाच आहेत, कमरेला राजमुकुट आणि ‘व्ही आर’ ही अक्षरे भरलेली. यात अश्लील काही नाही, सोय आहे. वर कॉर्सेट, त्यावर पिंजरा, त्यावर पेटीकोट. कमरेशी बांधलेले वस्त्र खाली ओढायला वावच नसतो. मधली शिवण जोडून टाकली की नैसर्गिक विधीसाठी सगळा डोलारा उतरवावा लागतो. हौसेने पोशाख घालणाऱ्यांना हे दुपारपर्यंत कळते.

इलॅस्टिक त्या काळी नव्हते असे नाही. बुटांच्या बाजूंना ते १८४० च्या आधीपासून लावत होते. ड्रॉवर्सच्या कमरेला ते नको, कारण गोळा झालेले कापड नेमके कॉर्सेटच्या सर्वांत आवळलेल्या भागाखाली येते. कमरपट्टी सपाट, एक ते दीड इंच रुंद, पुढे चुण्या जवळपास नाहीत, सगळ्या बाजूंना आणि मागे. मागे एक बटण किंवा नाडी. कापड दोन मीटर. एका पायाचा घेर मांडीशी २६ ते ३० इंच, लांबी गुडघ्याखाली तीन-चार इंच. मागची कमर पुढच्यापेक्षा अडीच-तीन इंच उंच कापावी. हे विसरले तर बसताना मागून ओढ बसते आणि कमरपट्टीच उसवते. मधल्या उघड्या कडेला इंचभर रुंद उरेबपट्टीची आतून गोट लावावी, कारण ती कड तिरक्या धाग्यावर येते आणि मोकळी सोडली तर ताणून लोंबते. दोन्ही कडा एकमेकींवर दोन इंच तरी चढायला हव्यात.

पायाच्या टोकाला टक घालतात त्याचा हिशोब कापण्यापूर्वी करावा. पाव इंचाचा एक टक अर्धा इंच कापड खातो. पाच टक म्हणजे अडीच इंच. तेवढी लांबी जास्त धरावी. टक धाग्याच्या रेषेतच घालावेत. एक धागा ओढून काढला की सरळ रेषा आपोआप मिळते, पट्टी आणि खडूची गरज नाही. टक पाय शिवण्याआधी, कापड सपाट असताना घालावेत.

आता कॉर्सेट. सर्वांत जास्त गैरसमज याच्याविषयी आहेत आणि सर्वांत जास्त मेहनतही इथेच आहे. बरगड्या काढून टाकत, १६ इंची कमर सर्रास असे, या गोष्टी बाजूला ठेवाव्यात. संग्रहालयातल्या कॉर्सेटचे माप तो पूर्ण मिटवून घेतलेले असते. अंगावर तो मागे दोन इंच किंवा अधिक उघडा राहतो. चांगला कॉर्सेट कमरेला दोन-तीन इंच आत घेतो, छाती वर उचलतो आणि परकरांचे वजन कमरेच्या एका रेषेऐवजी सगळ्या धडावर वाटून देतो. दुखतो तो चुकीचा शिवलेला. विकतच्या स्वस्त कॉर्सेटमध्ये एकाच आकाराचे माप, पातळ साटीन आणि वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या असतात. त्या कमरेशी मोडतात आणि काखेत टोचतात.

मापे चार: छाती, छातीखाली, कंबर, आणि कमरेखाली चार इंचांवर नितंब. शिवाय खुर्चीवर बसून कमरेपासून मांडीच्या घडीपर्यंतची उंची. समजा छाती ३६, कंबर ३०, नितंब ३८. कमरेला तीन इंच आवळायचे म्हणजे २७, त्यातून मागची दोन इंचांची फट वजा, म्हणजे कॉर्सेट २५ चा. छाती आणि नितंब आवळायचे नाहीत, फक्त फट वजा: ३४ आणि ३६. अर्ध्या अंगाचे १७, १२.५ आणि १८ इंच पाच तुकड्यांत वाटायचे. सगळे तुकडे सारखे वाटून चालत नाही. कमरेची घट बाजूच्या तीन तुकड्यांत जास्त, पुढे आणि मागे थोडी. नाहीतर पोट सपाट होण्याऐवजी मधोमध टोक येते.

प्रत्येक तुकड्यावर कमरेची आडवी रेष आखावी आणि उभा धागा तिला काटकोनात ठेवावा. एखादा तुकडा जरा तिरका कापला गेला तर आवळल्यावर तिरक्या सुरकुत्या पडतात, त्या इस्त्रीने जात नाहीत. शिवताना कमरेची रेष जुळवून, कमरेपासून वर आणि मग कमरेपासून खाली टीप मारावी. वरून खालपर्यंत एका दमात शिवले की मशीनचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि पाचव्या तुकड्यापर्यंत कमरेची रेष अर्धा इंच सरकते.

कापड कूटिल. ते हेरिंगबोन विणीचे, दाट आणि न ताणणारे असते. मीटरभर घेतले तर उरते. कूटिल नसेल तर दाट ड्रिलचे दोन थर. एका थराचे पॉपलीन किंवा साटीन कधीही नाही, शिवणीशी धागे सरकतात आणि टाक्यांची भोके शिडीसारखी उघडतात. त्याआधी मांजरपाटाच्या दोन थरांत कच्चा नमुना शिवावा, त्यात कॉर्सेट ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या चिकटपट्टीने बसवाव्यात, मागे आयलेटच्या (नाडी ओवायच्या भोकांच्या) पट्ट्या टाचाव्यात आणि शेमीजवर घालून अर्धा तास बसावे, उठावे, वाकावे. मग मागची फट बघावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर माप बरोबर. वर रुंद आणि खाली अरुंद दिसली तर छाती कमी पडली आहे. खाली रुंद असेल तर नितंबाला वाढवा. कमरेशी फट मिटली आणि वर-खाली उघडी राहिली तर छाती-नितंब दोन्ही कमी आहेत, कंबर आणखी आवळून उपयोग नाही. उलट कमरेशीच उघडी राहिली तर कमरेत हाव जास्त झाली, अर्धा-एक इंच सोडा. कमरेवर आडव्या वळ्या आल्या तर कॉर्सेट धडापेक्षा लांब आहे.

पुढच्या पोलादी जोडपट्टीला बस्क म्हणतात: एका भागाला कड्या, दुसऱ्याला खुंट्या. आखूड कॉर्सेटला ११ ते १२ इंच लांबीचा बस्क पुरे; बसल्यावर त्याचे खालचे टोक मांडीला लागता कामा नये. दोन कड्या एकमेकींच्या जवळ असतात तो भाग खाली. कड्यांची बाजू सहसा घालणारीच्या उजवीकडे. कड्यांसाठी शिवणीत जागा सोडून टीप मारायची, प्रत्येक जागेच्या दोन्ही टोकांना टीप उलटी फिरवून पक्की करायची. कड्यांचा भाग आत बसवून झाल्यावरच त्याखाली दुसरा भाग ठेवून खुंट्यांच्या खुणा करायच्या. पॅटर्नवरच्या खुणांवर विसंबले तर दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि एक बाजू वर चढते. खुंटीसाठी भोक कात्रीने पाडू नये, आरीने (टोच्याने) धागे बाजूला सारून पाडावे. बस्कच्या कडेने टीप चेनच्या फूटनेच बसते.

त्या काळी कॉर्सेटमध्ये देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालत. ते हाड नाही, नखासारखा पदार्थ आहे. ओलसर उष्णतेने अंगाचा आकार धरतो. आज त्याऐवजी त्यासारखीच मिळणारी कृत्रिम पट्टी घ्यावी, ती कात्रीने कापता येते आणि वाफेने वळते. पोलादी घ्यायच्या तर वाकड्या शिवणींवर सर्पिल तारेच्या, कारण त्या चारही बाजूंना वाकतात. आयलेटच्या दोन्ही बाजूंना मात्र सपाट, तिथे वाक नकोच. पाच-पाच तुकड्यांच्या कॉर्सेटला शिवणींवर आठ, मागे चार आणि बस्कच्या शेजारी दोन, अशा चौदा पट्ट्या लागतात. सात मिलिमीटरच्या पट्टीला नऊ मिलिमीटरचे घर. घर सैल झाले तर पट्टी आडवी फिरते. घट्ट झाले तर निम्म्यावर अडकते आणि ढकलताना कापड फाटते. पट्टी तयार घरापेक्षा जवळपास अर्धा इंच आखूड असावी. पूर्ण लांबीची घातली की काही दिवसांत ती वरची गोट भेदून बाहेर येते, आणि काखेखाली आली तर रक्त काढते. टोके घासून गोल करून टोपी बसवावी. पोलाद कापताना चष्मा लावावा, तुकडा उडतो.

आतून कमरेच्या रेषेवर पाऊण-एक इंचाची न ताणणारी टेप घालावी, प्रत्येक शिवणीत पकडलेली. आवळण्याचा सगळा जोर ती घेते. ती नसेल तर कूटिलही हळूहळू कमरेत सैल पडते. पट्ट्यांच्या टोकांवर रेशमाने भरलेले टाके शोभेचे वाटतात, पण त्यांचे काम पट्टीला वर-खाली सरकू न देणे हे आहे.

आयलेट धातूचे, पाच मिलिमीटरचे, मागून वॉशर असलेले. कापडावर धातूचे आयलेट बसवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये १८२८ चे, तेव्हा काळाला धरूनच आहे. अंतर एक इंच. कमरेशी दोन आयलेट अर्ध्या इंचावर. इथेही पंच नको. पंचने धागे तुटतात आणि ओढ बसली की आयलेट वॉशरसकट निघून येतो. आरीने भोक मोठे करत न्यावे, आयलेट जेमतेम आत जाईल एवढेच. नाडी सपाट सुती, सहा मीटर. साटीनची फीत दिसते छान, पण गाठ सुटते. नाडी वरून आणि खालून तिरपी ओवत कमरेपर्यंत आणावी, तिथे दोन्ही बाजूंना लांब फास मोकळे सोडावेत. ते मागे हात नेऊन ओढले की एकटीला आवळता येते. नवा कॉर्सेट पहिले काही दिवस सैल घालावा. पहिल्याच दिवशी पूर्ण आवळायला गेलात तर कापड शिवणीशी फाटेल.

पिंजरा शिवायला सोपा आणि जागा खाणारा. अर्धा इंच रुंदीची, कापड गुंडाळलेली किंवा प्लॅस्टिक चढवलेली पोलादी पट्टी लागते. सहा कड्यांची मापे वरून खाली ७०, ८२, ९२, १००, १०६ आणि ११० इंच. जोडासाठी प्रत्येकी चार इंच धरले तर एकूण सुमारे १५ मीटर. आठ उभ्या टेपा एकावर एक ठेवून सगळ्यांवर कड्यांच्या जागा एकदमच आखाव्यात. एकेक टेप स्वतंत्र मोजली की पिंजरा एका अंगाला कलतो. सर्वांत खालचे कडे जमिनीपासून आठ-दहा इंच वर, आणि परकरांच्या वजनाने ते इंचभर खाली येते हे धरून. खालची दोन कडी कापडी पिशवीत शिवावीत, नाहीतर जिना चढताना पाय कड्यात अडकतो. पुढे वरची एक-दोन कडी अपुरी ठेवून आत शिरायला वाट सोडावी. मेणबत्ती आणि उघड्या शेकोटीपासून पिंजरेवालीने लांब राहावे. घेर कुठवर पोचला आहे हे तिला दिसत नाही, आणि त्या काळात याने अनेक बायका भाजून मेल्या.

पिंजऱ्यावर निदान एक पेटीकोट हवाच, तो नसेल तर झग्यावर कड्यांच्या रेषा उमटतात. पेटीकोटचा घेर खालच्या कड्यापेक्षा १५ ते २० इंच जास्त. ४४ इंची कापडाचे तीन उभे पट्टे जोडले की १२९ इंच मिळतात, आणखी काही करायला नको. तयार लांबी ३८ धरली, त्यात सहा इंचांची झालर आणि अर्ध्या इंचाचे तीन टक, तर पट्ट्यांची लांबी मार्जिनसकट ३७ इंच. झालरीला सात इंच रुंदीचे पाच आडवे पट्टे; एकूण २१५ इंच, म्हणजे घेराच्या दीडपटीपेक्षा थोडी जास्त. दुप्पट झालर फुगते, सव्वापटीची कंगाल दिसते. टक शोभेसाठी असतातच, पण तिहेरी झालेले कापड खळ दिल्यावर ताठ उभे राहते आणि खालची कड पायात येऊ देत नाही. खळ शेवटच्या एक फुटालाच द्यावी.

लांबी खालून कमी-जास्त करू नये. खालची कड, टक आणि झालर सरळ धाग्यावर पूर्ण करून घ्याव्यात. मग पेटीकोट पिंजऱ्यावर चढवून कमरेला फीत बांधावी, खालची कड सगळीकडून जमिनीपासून सारखी होईपर्यंत कापड फितीतून वर ओढावे आणि फितीच्या कडेने खूण करावी. पुढे दोन-तीन इंच कापड कापले जाते, मागे जवळपास नाही. खालची कड वाकडी कापली की टक आणि लेस दोन्ही तिरके पडतात.

थंडीसाठी पिंजऱ्याच्या आत लोकरी फ्लॅनेलचा अरुंद पेटीकोट घालत. कॉर्सेट कव्हर ही साधी चोळीवजा गोष्ट. कॉर्सेटच्या पट्ट्या झग्यातून दिसू नयेत आणि झग्याला धातू घासू नये एवढ्यासाठी. १८८० च्या बसलला पूर्ण कडी नसतात, अर्धवर्तुळाकार पट्ट्या कापडाच्या घरांत घालून आतून नाडीने कमान आवळतात. नाडी सुटली की कमान सपाट होते आणि झगा मागून लोळतो, म्हणून नाडीऐवजी आतले जोडकापड शिवूनच टाकलेले बरे.

एवढे सगळे घातल्यावर वजन किती, असा प्रश्न लेखात आहे. लंडनला १८८१ साली स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीने सुधारलेल्या पोशाखासाठीसुद्धा आतल्या कपड्यांची मर्यादा सात पौंड ठेवली होती, म्हणजे तीन किलोंच्या वर. सुधारणा न मानणाऱ्यांच्या अंगावर काय असेल याचा अंदाज त्यावरून यावा.

शेवटी लेखातल्या कोष्टकाबद्दल. सगळ्या आतल्या कपड्यांना मिळून चार मीटर कापड लागेल असे त्यात छापले आहे. एवढ्यात एकटा पेटीकोट होतो. ४४ इंची कापडाचा हिशोब असा: शेमीज अडीच मीटर, ड्रॉवर्स दोन, कॉर्सेट कव्हर एक, पेटीकोट चार, पांढरे सुती एकूण साडेनऊ मीटर, आणि आटण्यासाठी अर्धा मीटर वर. कॉर्सेटला कूटिल एक मीटर, कच्च्या नमुन्याला मांजरपाट दीड मीटर, फ्लॅनेल सव्वादोन मीटर. पिंजऱ्याच्या टेपा आणि पिशवीचे कापड यात धरलेले नाही. पुढच्या पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती. कोष्टक बघून कापड आणायला निघालेले वाचक असतील.

आपली,
शिवणकाम शिकवणारी एक वाचक